मनाची जागल

आमच्या वऱ्हाडात एक शब्द आहे, जागल. पुण्यामुंबईकडच्या वाचकांना तो कदाचित ठाऊक नसेल. हरभरा घाट्यावर आला, तूर शेंगांनी भरली, की रात्री वावरात जाऊन राखण करावी लागते. तिला म्हणतात जागल. पूर्वी गावाचं राखण करणाऱ्यालाही जागल्या म्हणत. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, हिवाळ्यातल्या जागलीचे किस्से तो तासभर सांगेल. थंडीत शेकोटी करून बसायचं, मधूनच डबा बडवायचा, बॅटरीचा झोत फिरवायचा. डोळा लागला की रोह्यांचा कळप आत शिरलाच म्हणून समजा. रानडुकरं तर खाण्यापेक्षा तुडवून नास जास्त करतात. हल्ली पुष्कळांनी सौरऊर्जेवरची झटका मशीन बसवली आहे. तारेला तोंड लागलं की जनावर मागे फिरतं, आणि मालक घरी झोपतो.

मनाला मात्र अजून अशी मशीन निघाली नाही!

नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात, तेविसाव्या वचनात, बाप आपल्या मुलाला सांगतो की बाकी कशाहीपेक्षा आपल्या अंतःकरणाची राखण कर, कारण जीवनाचे झरे तिथूनच निघतात. हे वचन आमच्याकडे पुष्कळ घरांत भिंतीवर दिसतं. पण त्याच्या पुढची चार वचनं सहसा कोणी लावत नाही. त्यांत बाप आधी तोंडाबद्दल बोलतो, मग डोळ्यांबद्दल, मग पायांबद्दल. वाकडं बोलू नको, नजर सरळ ठेव, पाऊल कुठे पडतं ते पाहा. म्हणजे राखण कुठे उभं राहून करायची तेही त्याने सांगितलं आहे. अंतःकरण काही डब्यात घालून कुलूप लावायची वस्तू नाही. त्याला वाटा आहेत. आत यायची वाट डोळ्यांची, बाहेर पडायची तोंडाची आणि पायांची. जागल करायची ती त्या वाटांवर.

मी शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. आमच्या लहानपणी शाळेत मनाचे श्लोक पाठ करून घेत. रामदासांनी दोनशे पाच श्लोक एकट्या मनाला उद्देशून लिहिले. मी ख्रिस्ती घरातली मुलगी, तरी मीही ते सगळ्यांबरोबर म्हटले, आणि आमच्या आईने कधी अडवलं नाही. ती म्हणायची, मन सगळ्यांना सारखंच त्रास देतं. नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण ख्रिस्ताकडे पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. तेव्हा मनाशी बोलण्याची, त्याला दटावण्याची, समजावण्याची सवय आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना दोन्ही घरांतून मिळाली आहे.

राखण करायची तर आधी आत काय आहे ते माहीत हवं. तण वाढलेल्या वावराची राखण करून काय उपयोग? म्हणून आधी परीक्षा. आता ही परीक्षा कशी घ्यायची?

सोयाबीनवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. घरचं बियाणं वापरायचं तर पेरणीआधी त्याची उगवण तपासून घ्यावी लागते. शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं आणि ओल टिकवायची. चार-पाच दिवसांनी उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं चांगलं. गंमत अशी की कोरडे असताना शंभरही दाणे सारखेच चकचकीत दिसतात. कुठला जिवंत आणि कुठला मेलेला, हे नुसतं पाहून कळत नाही. ओल लागली की कळतं.

माणसाच्या मनाचंही तसंच असतं. सगळं सुरळीत चाललं असताना मी किती शांत, किती प्रेमळ, हे मलाही पटतं आणि शेजारणीलाही. ओल लागली, म्हणजे कोणी अपमान केला, कोणी हक्काचं घेतलं, कोणी आपल्याला वगळलं, की खरी उगवण कळते. यिर्मया संदेष्टा सतराव्या अध्यायात म्हणतो की अंतःकरणाइतकं फसवं दुसरं काही नाही, ते कोणाला कळणार? आणि पुढच्याच वचनात देव उत्तर देतो की ते तपासणारा मी आहे. शिक्षिका म्हणून मला हे फार पटतं. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा ठरवला, तर सगळेच पहिल्या वर्गात!

आमची वाशीमची नाझरीन मंडळी. इथलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल 1938 साली सुरू झालं ते याच मंडळीच्या मिशनचं. आमच्या मंडळीत पवित्र अंतःकरणाचा विषय फार. हा वारसा जॉन वेस्लीकडून आलेला. वेस्ली ऑक्सफर्डला शिकत-शिकवत होता तेव्हा तो आणि त्याचे सोबती स्वतःला रोज प्रश्न विचारत, वेळेचा हिशोब ठेवत, उपवास करत. आत्मपरीक्षेत त्यांनी काही कमी ठेवली नव्हती. तरी त्याच्या मनाला ऊब लागली ती पुढे, 24 मे 1738 रोजी, लंडनमधल्या एका छोट्या सभेत. परीक्षेने रोग कळतो, औषध दुसरीकडून यावं लागतं. हे त्याला स्वतःच्या अनुभवातून कळलं.

पण इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिका झाली, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, नाव सगळीकडे झालं. आणि एवढं सगळं झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. विचार करा, त्या काळी ज्या बाईकडे सगळं जग ख्रिस्ती स्त्रीचा नमुना म्हणून पाहत होतं, तिनेच स्वतःला हा प्रश्न विचारला. लोकांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर तिने आपली परीक्षा थांबवली नाही.

त्याच रमाबाईंची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. वाँटेजच्या ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांना आईसारख्या होत्या, त्यांच्याशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. रमाबाईंचं म्हणणं असं की माझी सदसद्विवेकबुद्धी मी दुसऱ्या कोणाच्या हवाली करणार नाही, मग तो धर्मगुरू का असेना. ही पत्रं आज पुस्तकरूपाने वाचायला मिळतात. मला वाटतं की हीदेखील अंतःकरणाची राखणच होती. देवासमोर पूर्ण उघडं आणि माणसांच्या दडपणासमोर घट्ट. पुष्कळदा आपलं नेमकं उलट होतं. माणसं म्हणतील तसं वाकतो आणि देवासमोर दार लावून घेतो.

आणि लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी सगळं सांभाळून. हे सोवळं सुटलं ते कोणाच्या प्रवचनाने नाही. त्यांनी स्वतःशी विचार केला की पशुपक्ष्यांत जाती आहेत तर त्या अंगाखांद्यावर दिसतात, माणसांत अशी खूण कुठे आहे? म्हणजे हे माणसाने केलेलं. आणि एकदा हे पटलं की त्या थांबल्या नाहीत. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवत असेल की त्या स्वतःकडे किती हसत-हसत पाहतात. आत्मपरीक्षा म्हटली की आपण तोंड लांब करून बसतो. लक्ष्मीबाईंनी ती हसून केली, म्हणून ती अधिक खरी वाटते. जो स्वतःला हसू शकतो, त्याला स्वतःला फसवायचं फार कारण उरत नाही.

आता घरची गोष्ट सांगते. लिहावी की नाही याचा खूप विचार केला. ज्यांची गोष्ट आहे त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या घरच्यांना कळेलच, बाकीच्यांना कळायची गरज नाही. आणि लिहिण्याआधी जाऊबाईंना विचारलं आहे.

आमचं साडेतीन एकर वावर आहे. हे गेले त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हापासून वावर बटईने दिलंय. हे गेल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात बटईदाराने सांगितलं, "बाई, धुरा सरकला." पलीकडचं वावर यांच्या चुलत भावाचं, म्हणजे माझ्या दिराचं. पहिल्या वर्षी दोन तासं, पुढच्या वर्षी आणखी दोन. आमच्याकडे धुऱ्याची भांडणं नवी नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पण घरातला माणूस गेल्यावर धुरा सरकतो तेव्हा तीन-चार तासांपेक्षा जास्त काहीतरी जातं. हे असते तर ही हिंमत झाली असती का, हा विचार वावरापेक्षा जास्त टोचतो. मी रीतसर सरकारी मोजणी मागवली. तीन गुंठे निघाले. खुणा झाल्या, नकाशा हातात आला. पुढच्या नांगरटीत खुणा दिसेनाशा झाल्या.

राग आला. रागाचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याच्या वेळेचं. दिवसा कामात काही नाही. रात्री प्रार्थना करून पडले, दिवा मालवला, की आला. अगदी रोह्यासारखा, अंधार पडल्यावर, रोज त्याच वाटेने. आणि आल्यावर नुसता उभा राहत नाही. काय बोलायचं, कोणासमोर बोलायचं, त्यांनी असं म्हटलं तर आपण तसं म्हणायचं, अशी सगळी कोर्टकचेरी मनात भरते. आणि त्या कोर्टात प्रत्येक वेळी मीच जिंकते!

मला तेव्हा एक गोष्ट कळली, ती सांगण्यासाठीच हा सगळा लेख. लोभ आला, मत्सर आला, तर आपण ओळखतो की हा चोर आहे. पण ज्या रागाच्या हातात मोजणीचा नकाशा आहे, त्याला कसं अडवायचं? तो तर साहेबासारखा कागद दाखवून आत येतो. आपलं चुकलेलं असतं तेव्हा मनाची राखण करणं त्या मानाने सोपं. आपलं बरोबर असतं तेव्हा जागलकऱ्याला झोप लागते.

स्तोत्रसंहितेतलं एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र आम्हा सगळ्यांच्या आवडीचं. शेवटच्या दोन वचनांत दावीद देवाला म्हणतो की मला तपासून पाहा, माझं मन जाणून घे, माझ्यात काही वाईट वाट आहे का ते बघ. ही दोन वचनं पुष्कळ जणांना पाठ असतात. पण त्यांच्या लगेच आधीची चार वचनं एकदा काढून वाचा. त्यांत दावीद शत्रूंवर असा संतापला आहे की मोठ्याने वाचायला संकोच वाटावा. आणि तो चुकीच्या कारणाने संतापलेला नाही. ती माणसं खरोखरच दुष्ट आहेत. मग त्याच श्वासात तो म्हणतो, आता मला तपास. शत्रूला तपास असं म्हणत नाही. इतकी वर्षं मी ती दोन वचनं सुटी पाठ म्हणत होते. धुऱ्याच्या प्रकरणानंतर ती सगळी एकत्र वाचली, आणि स्तोत्र प्रथमच पूर्ण कळलं. आपली बाजू बरोबर असते तेव्हाच ही प्रार्थना खरी लागते.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब थोडा वेळ शांत राहायला सांगतात. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलं आहे ना, आधी स्वतःची परीक्षा करा आणि मग भाकर खा. त्या शांततेत दोन वचनं माझ्यासमोर येतात. एक मत्तयातलं, की वेदीपाशी दान आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. दुसरं मार्कातलं, की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा तुमच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. पहिल्यात जावं लागतं. दुसऱ्यात उभ्या जागी, समोरचा आला नाही तरी, आत काहीतरी सोडावं लागतं. माझ्यासाठी दुसरं होतं. म्हणून मी दिरांच्या नावाने प्रार्थना सुरू केली. पहिले कितीतरी दिवस नुसतं नाव घ्यायची. पुढे शब्द सुचायचे नाहीत. मग त्यांच्या गुडघ्यांसाठी, मग नातवाच्या परीक्षेसाठी. माणसाच्या गुडघ्यांसाठी रोज प्रार्थना करायची आणि रात्री त्याच माणसाला कोर्टात उभं करायचं, हे दोन्ही फार दिवस जमत नाही. यातलं एक सुटतं.

आता कोणी म्हणेल, मग बाईंनी वावर सोडून दिलं असेल. नाही. तहसीलमध्ये अर्ज दिला आहे, तो मागे घेतलेला नाही. नकाशा कपाटात आहे. क्षमा करणं म्हणजे हद्द खोटी ठरवणं नव्हे. खोट्याला खरं म्हणायला ख्रिस्ताने कधी सांगितलं नाही. तीन गुंठे हा कागदाचा प्रश्न आहे, तो कागदावर सुटेल किंवा माझ्या मुलांच्या काळात सुटेल. पण त्या तीन गुंठ्यांसाठी मी माझं आतलं सगळं वावर तुडवू द्यायचं का, एवढाच प्रश्न माझ्या हातातला.

मागच्या पावसाळ्यात दीर न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. जाऊबाईंचा फोन आला. मी गेले. तुरीची दाळ नेली, आमच्याच वावरातली. दोघांपैकी कोणीच धुऱ्याचं नाव काढलं नाही. त्यांनी माफी मागितली नाही, मी ती अपेक्षून गेलेही नव्हते. चहा झाला, डॉक्टर काय म्हणाले ते झालं. निघताना ते म्हणाले, "वहिनी, पुन्हा या." एवढंच. याला समेट म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. त्या रात्री मला झोप लागली, हे मात्र ठाऊक आहे.

तर मंडळी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी जागल अशी आहे. रात्री दिवा मालवण्याआधी तीन प्रश्न. आज माझ्या डोळ्यांतून काय आत आलं? आज तोंडातून काय बाहेर गेलं? आणि आज रात्रीपुरता कोणाला मी मनात मुक्काम देते आहे? पहिल्या दोन प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. तिसऱ्याला कधीकधी तास लागतो. वहीत लिहून ठेवत नाही, कारण आम्हा शिक्षकांना वही दिसली की गुण द्यायचा मोह होतो. तुमच्यापैकी जे ख्रिस्ती नाहीत, त्यांनाही हा तिसरा प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही.

एक शेवटचं. जागल एकट्याने फार दिवस होत नाही. दोघं असले की एक जागतो, दुसरा पाठ टेकतो. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं की देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील. तिथे वापरलेला मूळ ग्रीक शब्द पहाऱ्यावरच्या शिपायांचा आहे. आणि फिलिप्पै तर निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत, पहारा म्हणजे काय हे तिथल्या लोकांना सांगावं लागलं नसेल. नीतिसूत्रं म्हणतात तू राख. पौल म्हणतो देवाची शांती राखील. दोन्ही खरं आहे. माझ्या वयाला रात्रभर जागणं होत नाही. मी डबा बडवते, बॅटरी फिरवते, आणि डोळे मिटायला लागले की म्हणते, प्रभू, आता तुझी पाळी.